तारखा बघणारा सुदाम

सुदाम रोकडे गुन्हेगारीच्या धंद्यात शिरला तो चहा प्यायला म्हणून.

१९८१ साल होतं. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात तो टाइम ऑफिसात शिपाई होता, त्याला टाळं लागून आठ महिने झाले होते. आठ महिने सुदाम रोज सकाळी वेळेवर घरून निघे, कारखान्याच्या बंद फाटकापर्यंत चालत जाई, टाळं बघे आणि स्टेशनाजवळच्या टपरीवर अर्धा चहा पिऊन परत येई. बायको शालन म्हणायची, "टाळं काय पळून जातंय का? रोज कशाला बघून येता?" बारा वर्षं दुसऱ्यांची हजेरी ठेवलेल्या माणसाला स्वतःची गैरहजेरी सोसत नव्हती, एवढंच.

त्या टपरीच्या मागे ताडपत्रीआड मटक्याचा अड्डा चालायचा. सुदाम तिकडे कधी फिरकला नव्हता. पण एका भरदुपारी धाड पडली आणि पोलिसांनी ताडपत्रीच्या अलीकडचे आणि पलीकडचे असा फरक न करता सगळ्यांना गाडीत घातलं. चहावाला किटलीसकट गेला. सुदाम बशीसकट.

ठाण्यात बारा जण आणि कागद भरायला हवालदार एकटा. नाव, बापाचं नाव, वय, पत्ता. अकरा जण एकदम बोलत होते आणि हवालदार एकाच्या नावापुढं दुसऱ्याचा बाप लिहीत होता. सुदामला ते बघवेना. "साहेब, मी लिहू का?" असं त्यानं विचारलं आणि हवालदारानं इतक्या चटकन पेन हातात दिलं की तो वाटच बघत होता असं वाटावं. सुदामनं आधी सगळ्यांना आडनावाच्या अक्षरानुसार भिंतीला लावलं. अड्ड्याचा राखणदार कोंडाजी, सहा फूट उंच, हाताची बोटं केळीएवढी, त्याला घाबरून बापाचं नावच आठवेना. सुदामनं त्याला पाणी पाजलं, "घाई नाही, आठव सावकाश," म्हणाला. मग आठवलं.

संध्याकाळी अड्ड्याचा मालक जयदेवदादा वकिलाला घेऊन आला, तेव्हा त्याची माणसं एका रांगेत गप्प उभी होती. असं दृश्य दादानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यानं विचारलं, "यातले आपले किती?"

"चहावाला धरून अकरा हजर," सुदाम कागदावरून म्हणाला. "बारावा मी. मी बाहेरचा."

दादानं त्याला नीट न्याहाळलं. कागद बघितला. अक्षर बघितलं. "बाहेरचा कशाला?" तो वकिलाला म्हणाला. "याला पन आपल्यातच धर."

जयदेवदादाचं घर अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या पट्ट्यात होतं. आजा भातशेती करायचा. बापानं हातभट्टी लावली. जयदेवनं मटका आणला आणि पुढं, बदलापुरात इमारती उठायला लागल्यावर, लोकांच्या जमिनीत घुसायचा धंदा चालू केला. कुणाचा सातबारा कच्चा आहे, कोण विधवा आहे, कुणाचे भाऊ भांडतात, हे बघून तिथं रातोरात कुंपण उभं राहायचं. घरात दादा, त्याची म्हातारी आई गयाबाई, चुलते, पुतणे, आणि अंगणात तीसेक माणसं. कुणी वस्तरा चालवणारा, कुणी नुसता ओरडणारा. त्यांत सुदाम गेला.

पहिल्याच महिन्यात त्याची परीक्षा झाली. उल्हासनगरात चार नंबर कॅम्पात दौलतराम नावाच्या सिंधी माणसाची शेड होती. ती त्यानं सोडावी अशी दादाची इच्छा होती. "जा, धमकी देऊन ये," असं म्हणून सुदामला पाठवलं. सुदाम वाटभर वाक्य पाठ करत गेला: "शेड सोड, नाहीतर बघून घेऊ." दौलतरामनं त्याला दारात बघितलं आणि म्हणाला, "आओ साईं, बैठो. धूप में से आया है." मग पाणी आलं. पाण्याबरोबर भाजलेला पापड आला. घरात आलेल्या माणसाला पापड-पाणी दिल्याशिवाय सिंधी माणूस बोलायला सुरुवात करत नाही, आणि पापड खाता खाता धमकी देता येत नाही. शब्दांबरोबर तुकडे उडतात. सुदामनं पापड संपवला तोवर दौलतरामनं आपल्या दम्याची हकीकत काढली होती. सुदामनं त्याला अंबरनाथच्या एका डॉक्टरचा पत्ता लिहून दिला आणि तासाभरानं अर्धा किलो पापड घेऊन परत आला.

"काय म्हनाला?" दादानं विचारलं.

"छातीला कफ आहे म्हणाला."

त्यानंतर दादानं सुदामला धमकीच्या कामावर पाठवलं नाही. दौलतरामची शेडही, दुसरी कामं निघाल्यामुळं, राहून गेली.

सुदामला त्याचं खरं काम मात्र कुणी दिलं नाही, ते त्याच्या अंगावर येत गेलं. तीस माणसांवर मिळून साठ-सत्तर केसेस होत्या. काही कल्याण कोर्टात, काही उल्हासनगरला. कोणाची तारीख कधी, हे कुणालाच माहीत नसायचं. वॉरंट घेऊन पोलीस आले की कळायचं. सुदामनं एक लांबट वही घातली. रोज सकाळी तो अंगणात उभा राहून ज्याची तारीख त्याला हाक मारी, धुतलेला शर्ट घालायला लावी आणि कोर्टात नेऊन बसवी. वासवानी वकिलाकडं चाळीस अशिलांचे कागद. त्यालाही आदल्या दिवशी आठवण द्यायला सुदामच. जामीन राहायला कोण माणसं येतील, त्यांची रेशनकार्डं कुठं आहेत, लॉकअपमध्ये कोणाला डबा जायचा, कोण वांगं खात नाही, सगळं सुदामला ठाऊक. कोंडाजीचे दात किडले होते आणि तो सुईला भ्यायचा. त्याला दातांच्या डॉक्टरकडं नेऊन त्याचा हात धरून बसायचं कामही सुदामचंच. डॉक्टरनं एकदा विचारलं, "हे तुमचे कोण?" कोंडाजी तोंडात कापूस असताना म्हणाला, "माजी आयशी."

एक गोष्ट तर फक्त सुदामला आणि गयाबाईला माहीत होती. दादाला साखरेचा आजार होता. दोन तालुके ज्याला घाबरतात त्याला पेढा चालत नाही, हे बाहेर कळलं असतं तर शोभलं नसतं. म्हणून सुदाम रोज एका काळ्या बाटलीत कारल्याचा रस घेऊन यायचा आणि दादा बैठकीत सगळ्यांसमोर तो घटाघट प्यायचा. माणसं आपसात म्हणायची, दादा सकाळी सकाळी बिनपाण्याची दारू पितो आणि डोळासुद्धा मिटत नाही.

शालनला हे सगळं माहीत होतं आणि आवडत नव्हतं. "तुम्ही मारामारी करत नाही ना?" ती विचारायची.

"छे."

"चोरी?"

"नाही गं."

"मग तिथं करता तरी काय?"

"तारखा बघतो," सुदाम म्हणायचा, आणि त्याला ते खरोखर निर्मळ काम वाटायचं. वर्षातून एक दिवस, चौदा एप्रिलला, तो सुट्टी घ्यायचा. त्या दिवशी पांढराशुभ्र शर्ट घालून मिरवणुकीची रांग सरळ ठेवायचा. बाकी नऊ वर्षांत त्याचा खाडा नाही.

वहीत त्याचं अक्षर सुबक असलं तरी लिहिणं थोडक्यात असायचं. दादा म्हणजे "दा.", कोंडाजी म्हणजे "को." पण कोर्टही "को." आणि दातही "दा." त्याला स्वतःला कधी घोटाळा वाटला नाही. ज्याचं नाव आधी, तो माणूस, मग काम. "कात्रप" नावाची एक जुनी केस मात्र त्याला जरा कंटाळवाणी वाटायची. बदलापूर पूर्वेला कात्रपमधल्या कुणाचंसं घर दादाच्या माणसांनी दादासमोर पाडलं होतं, त्याची. ती चालू द्यायची नाही असा दादाचा हुकूम होता. म्हणून दर तारखेला सुदाम डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन जायचा: कधी दादाचं पोट, कधी कंबर, कधी कावीळ. आठ वर्षांत दादाला तीनदा कावीळ झाली. अर्ज वासवानीच्या हातात ठेवून सुदाम पुढच्या कोर्टाला पळायचा. फिर्यादीचं तोंडही त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

१९९० च्या जानेवारीत दादाचा भाचा मधु मुंबईहून राहायला आला. पांढरे बूट, गळ्यात साखळी, बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी हात कमरेवर. त्याचं म्हणणं, मामाचा धंदा म्हणजे गावजेवण झालंय, कोणीही येतो नि पंगतीला बसतो. "मुंबईत कंपनी असते, कंपनी. ज्याच्या नावानं चार लोक कापत नाहीत, तो माणूस कशाला पोसायचा?" त्यानं सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली.

कोणी सांगितलं, मी अमक्याचा पाय मोडला. कोणी टाके दाखवले. कोंडाजी नुसता उभा राहिला, तेवढं पुरलं. सुदामची पाळी आली.

"तू किती लोकांना मारलंस?"

"एकालाही नाही."

"मग करतोस काय?"

"तारखा बघतो."

मधु हसला, त्याच्याबरोबर दोन पुतणे हसले. मधु आत गेला, भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि सर्वांसमोर धरलं. "हे बघ. हे पण तारखाच बघतं. आणि डबा मागत नाही."

सुदामनं दादाकडं पाहिलं. दादा ओट्यावर बसला होता. बहिणीचा एकुलता एक मुलगा, आठवडाभर आधीच आलेला. त्याच्या तोंडाला कसं लागायचं? दादानं काळी बाटली उचलली, घोट घेतला आणि दुसरीकडं बघितलं. सुदामनं वही ओट्याच्या कडेला ठेवली, चपला घातल्या. "परवा एकाचा डबा आहे लॉकअपला, वांगं देऊ नका," एवढंच म्हणाला आणि निघाला. घरी येईपर्यंत त्याला बरं होतं. घरी शालननं "लवकर कसे?" असं विचारल्यावर मात्र तो चपला न काढताच उंबऱ्यावर बसला.

आठवडाभर तो बसून राहिला. मग शालननंच त्याला बाहेर काढलं. दौलतरामनं त्या शेडमध्ये आता जीन्स शिवायचा कारखाना घातला होता. तीस-चाळीस कारागीर, मशिनींचा खडखडाट, आणि कोण कधी येतो, कोण कधी जातो याचा पत्ता नाही. सुदाम दारात उभा राहिला. दौलतरामनं चष्मा वर केला. "अरे, दमावाला साईं! तेरे डॉक्टर ने बचा लिया मुझे. आओ, बैठो." पापड आला. पापड संपायच्या आत सुदामला हजेरीचं काम लागलं होतं.

पंधरा दिवसांनी दुपारच्या सुट्टीत कारखान्यासमोरच्या चहाच्या गाडीपाशी कोंडाजी उभा दिसला. गाल सुजून भोपळ्यासारखा झाला होता.

"सुदाम," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "तुज्या वहीनं आमचा सत्यानाश केला रं."

झालं होतं असं. वहीत सोमवारी लिहिलं होतं, "११ वा. को. दा." आणि बुधवारी, "११ वा. दा. को." म्हणजे सोमवारी कोंडाजीचा दात, बुधवारी दादाचं कोर्ट. मधुनं वाचलं: सोमवारी कोर्ट, दादा. बुधवारी दाताला, कोंडाजी. सोमवारी दादा इस्त्रीचे कपडे घालून, दोन जीपा घेऊन कल्याण कोर्टात गेला. दिवसभर बाकावर बसला. पुकारा होईना. शेवटी शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, आज तुमचं काहीच नाही, पण बसायचं तर बसा. दादा तणतणत घरी आला. आणि बुधवारी, अकराच्या ठोक्याला, दादासकट सगळी कंपनी कोंडाजीला घेऊन दातांच्या डॉक्टरकडं गेली. डॉक्टरनं दोन जीपा आणि चौदा माणसं बघितली आणि मागच्या दारानं निघून गेला.

"आनि तिकडं?" कोंडाजी म्हणाला. "तिकडं कोर्टात दादाच्या नावाचे तीन पुकारे. दादा नाय, वकील नाय, सर्टिफिकीट नाय. वॉरंट!"

दुसऱ्या दिवशी दादाला नेलं. जामीनदार हवा म्हणून मधुनं मुंबईतला आपला एक भारी माणूस आणला. तो कोर्टात उभा राहिला, नाव सांगितलं, आणि तिथल्याच एका फौजदारानं त्याला ओळखलं. दोन वर्षं त्याला शोधत होते. जामीनदारच आत गेला. मग डबे. दादा तुरुंगात म्हणून माणसांना कळवळा आला. कोणी पेढे दिले, कोणी जिलेबी, एका पुतण्यानं तर श्रीखंडाचा डबाच धाडला. माणसांसमोर नको कसं म्हणायचं, म्हणून दादा खात गेला. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडला. आता तो सरकारी दवाखान्यात होता, पायाशी पोलीस.

सुदामनं सगळं ऐकलं. हसू येत होतं, ते त्यानं चहाच्या ग्लासात लपवलं. खरं सांगायचं तर त्याला इतकं बरं गेल्या नऊ वर्षांत वाटलं नव्हतं. कॅलेंडर दाखवतो काय! "तुझा दात?" त्यानं विचारलं.

"तसाच हाय."

सुदामनं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि कोंडाजीला डॉक्टरकडं घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सुदाम शेडमध्ये आला तो शीळ घालत. मागच्या बाजूला पँटींचे सुटे धागे कापणाऱ्या बायका बसायच्या. त्यातली चांगुणा त्या दिवशी गूळ-शेंगदाणे वाटत होती. पन्नाशीची, बारीक, आवाज मात्र मशिनींच्या वरचा. "जय भीम, भाऊ," ती म्हणाली. "घ्या. माझ्या केसमध्ये काल माझी साक्ष झाली."

"कसली केस?" सुदामनं शेंगदाणे तोंडात टाकत विचारलं.

"माझं घर पाडलं ना, कात्रपला. आमचे मालक हयात नव्हते तेव्हा, सहा महिने झाले होते जाऊन. आठ वर्षं झाली. दर तारखेला खाडा करायचा, कल्याणला जायचं, दिवसभर बसायचं, की यांचा अर्ज. पोट दुखतं. कंबर दुखते. मी मेलीनं म्हटलं, याला माझ्याआधी नेतो की काय देव. आठ वर्षांत मला एकदा बोलू दिलं नाही. आणि गेल्या बुधवारी कुणी आलंच नाही! साहेबांनी वॉरंट काढलं, आणि काल त्याला पोलिसांनी दवाखान्यातून धरून आणून उभं केलं, मग मी बोलले. पाऊण तास बोलले."

दुसऱ्या बाईनं विचारलं, "असं कसं गं झालं एकदम?"

"त्यांच्याकडं म्हणे एक माणूस होता," चांगुणा म्हणाली. "वकिलाचा कारकून मला सांगत होता. बाकी सगळे गुंड म्हणजे नुसता पालापाचोळा, पण तो एक तारीख चुकू द्यायचा नाही. त्याच्या जिवावर चाललं होतं सगळं. आता दिसत नाही. मेला असेल. बरं झालं मेला."

सुदामला शेंगदाण्याचा ठसका लागला. इतका लागला की चांगुणानंच उठून त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. "सावकाश, भाऊ," ती म्हणत होती, "घाई नाही, सावकाश."

त्या दिवशी त्यानं हजेरीत दोन चुका केल्या. घरी जेवताना त्यानं शालनला सगळं सांगितलं. वहीचं, दादाचं, आणि मग थांबत थांबत चांगुणाचंही. शालन दादाच्या श्रीखंडापर्यंत हसत होती. चांगुणापाशी तिचं हसू थांबलं.

"मी कुणाला बोटही लावलं नाही गं," सुदाम म्हणाला.

"लावायला त्यांच्याकडं तीस जण होते," शालन म्हणाली. "ते मारायचे आणि चार दिवसांत आत गेले असते. तुम्ही त्यांना नऊ वर्षं बाहेर ठेवलंत." मग तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली, कारण त्यानं खाणं थांबवलं होतं.

रविवारी दारात रिक्षा थांबली आणि गयाबाई उतरली. गुडघे धरलेले, नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात कारल्यांची पिशवी. म्हातारी कधी कुणाच्या दारी गेली नव्हती. शालननं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"सुदाम, माज्या घराचा पार इस्कोट झाला," गयाबाई म्हणाली. "मधुला मी सकाली बूट घालून धाडला त्याच्या आयशीकडं. पोरां येकमेकांचे शर्ट घालून कोर्टान जातान. तिकडं जयदेव कोनाच्या हातचा रस पीत नाय. म्हनतो, सुदामला आना. चल."

नाही म्हणणं सुदामला जमलं नाही; म्हातारीनं त्याला नऊ वर्षं जेवू घातलं होतं. त्यानं कारल्याचा रस काढला, काळ्या बाटलीत भरला आणि दवाखान्यात गेला. दादा खाटेवर उशीला टेकून बसला होता. चार आठवड्यांत सुकून अर्धा झालेला. पोलीस बाकावर डुलक्या घेत होता. दादानं बाटली तोंडाला लावली, संपवली, तोंड वाकडं केलं. बैठकीत त्यानं कधी तोंड वाकडं केलं नव्हतं.

"सुदाम," तो म्हणाला, "माजी चूक झाली."

सुदाम उभाच होता, तो खाटेच्या कडेवर बसला. दादाच्या तोंडून हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"मला वाटायचा कोंडाजी हाय म्हनून लोक घाबरतान," दादा म्हणाला. "तुज्यासारका आपला येकच होता, ता मला आत गेल्यावर कलला. परत ये. आता माज्यानंतर तूच. पोरां तुला उठून उभी राहतील."

सुदामच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षं कारखान्यात आणि नऊ वर्षं इथं, त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या क्षणी दादानं गप्प राहायला हवं होतं. पण दादा धंद्याचा माणूस. तो पुढं वाकून म्हणाला, "पयला काम ता कात्रपचा. ती बाई बोलली, आता पुरावा पुरा व्हायच्या आधी अडकव. काविलीचा सर्टिफिकीट आन."

"कावीळ तीनदा झाली, दादा."

"मग मलेरिया आन."

सुदामनं रिकाम्या बाटलीला बूच लावलं. मग म्हणाला, "दादा, तुमच्या तारखा मी लिहून देतो. सगळ्या. पुरी अक्षरं, कुणालाही वाचता येतील अशी. एकही चुकवू नका, प्रत्येकीला हजर राहा. पण सर्टिफिकेट नाही आणणार, आणि परत नाही येणार."

"का? दौलतराम जास्ती देतो?"

"नाही. तिथं ती चांगुणाबाई धागे कापते. तिचं घर होतं ते."

दादाला यात कारण काय ते कळेना. त्यानं सुदामकडं रागावून बघायचा प्रयत्न केला, पण खाटेवर पांढऱ्या चादरीत तो जमेना. शेवटी म्हणाला, "रस तरी आनशील?"

"रस आईंना शिकवून आलोय."

सुदामनं शब्द पाळला. दोन रविवार बसून त्यानं नवी वही लिहिली. "कोंडाजी, दात" आणि "दादा, कोर्ट" अशी ठळक अक्षरं, खाली रेघ. दादाच्या माणसांनी ती वही इतकी मनावर घेतली की ते एकाही तारखेला गैरहजर राहिले नाहीत. आणि आरोपी हजर राहिला की केस चालते, हे त्यांच्यातल्या कुणाच्याच आजवर लक्षात आलं नव्हतं. आठ वर्षं अडलेली केस दीड वर्षात संपली. दादाला दोन वर्षांची सजा लागली. बाकीच्यांच्याही केसेस धडाधड निघाल्या. कोंडाजी एका जुन्या केसमधून सुटला, आणि धंदा बसल्यामुळं दौलतरामकडं दरवान म्हणून लागला.

निकालाच्या दिवशी चांगुणानं शेडमधल्या सगळ्यांना कल्याणला यायला लावलं होतं. सुदाम जायचं टाळत होता. दौलतरामनंच त्याला रिक्षात ढकललं. निकाल झाला, बायका व्हरांड्यात गूळ वाटू लागल्या, आणि समोरून कोंडाजी आपली सुटकेची नक्कल हातात नाचवत आला. त्यानं सुदामला बघितलं आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा ओरडला, "सुदाम! नऊ वर्षां तू सांभाललास तवा कोनाला सजा नाय, तू गेलास नि बघ काय झाला!"

चांगुणाचा गुळाचा हात तिथंच थांबला. तिनं कोंडाजीकडं बघितलं, मग सुदामकडं.

"तो माणूस तुम्ही?"

सुदामला पळावंसं वाटलं, पण त्याची सवय वेगळी होती. "हो," तो म्हणाला. "कावीळ मीच आणायचो."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

चांगुणानं जे बोलायचं ते बोलून घेतलं. कोर्टाच्या व्हरांड्यात बोलू नये असे दोन शब्दही त्यात होते. शिपायानं बाजूला ढकललं तरी ती थांबली नाही. सुदाम मान खाली घालून ऐकत होता. तिचा दम संपला, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पिशवीतून कागद बांधलेलं एक फडकं काढलं.

"घर पाडल्याचं झालं," ती म्हणाली. "जागेचा दावा अजून आहे. दिवाणीत. पुढची तारीख अकराची की बाराची, मला मेलीला कळत नाही. धरा. आता माझ्या तारखा बघा."

सुदामनं फडकं घेतलं. घरी आल्यावर त्यानं नवी वही काढली आणि पहिल्या पानावर पुरं नाव लिहिलं: चांगुणा सोमा ढसाळकर.

तो दावा आणखी पाचेक वर्षं चालला. एकही तारीख चुकली नाही. सुदाम आदल्या दिवशी वकिलाकडं जाई, सकाळी चांगुणाला घेऊन निघे, आणि दादाच्या वकिलानं अर्ज काढला की सर्टिफिकेटाची तारीख, डॉक्टरचा शिक्का आणि रोगाचं नाव तपासून आपल्या वकिलाच्या कानात सांगे. त्यातलं काय खोटं असतं, ते त्याच्यापेक्षा कोणाला जास्त माहीत असणार? चांगुणा वाटभर त्याला घालूनपाडून बोलायची आणि दुपारी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी द्यायची. त्याला वांगं आवडत नाही हे तिला पहिल्या वर्षातच कळलं, तरी ती मधूनमधून मुद्दाम वांगं आणायची.

१९९६ च्या पावसाळ्यानंतर ताबा द्यायचा हुकूम झाला. कात्रपला तोवर चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या. मध्ये चांगुणाचा तुकडा, कमरेएवढ्या गवताचा. हुकमाची नक्कल हातात आल्यावर शेडमधल्या बायका म्हणाल्या, आजच जाऊ, आजच नारळ फोडू. सुदाम म्हणाला, "थांबा," आणि व्हरांड्यात उजेडाकडं कागद धरून पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. दुसऱ्या पानावर तो अडखळला. टायपिस्टच्या हातून चांगुणाच्या नवऱ्याचं नाव सोमाऐवजी सीमा पडलं होतं.

"दुरुस्ती करून घ्यावी लागेल," तो म्हणाला.

"म्हणजे?" चांगुणानं विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"एक तारीख घ्यावी लागेल."

चांगुणा पायरीवर बसली आणि इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "घ्या," ती म्हणाली, "घ्या, भाऊ. पण लवकरची घ्या." सुदाम कागद घेऊन कारकुनाच्या खिडकीकडं गेला, रांगेत उभा राहिला आणि पुढच्या मंगळवारची तारीख घेऊन आला. मंगळवारी दुरुस्ती झाली. बुधवारी कोंडाजीनं गवत काढलं, आणि चांगुणानं नारळ स्वतःच फोडला.